सोळाशेपर्यंत सावलीत

त्या वर्षी मे महिन्यात आमची बॅटरी फील्ड फायरिंगच्या सरावासाठी राजस्थानात होती. बॅटरी म्हणजे सहा तोफा आणि त्या चालवणारी शंभरावर माणसं. मी बीएचएम होतो, म्हणजे बॅटरी हवालदार मेजर. हजेरी, शिस्त, पाणी, लंगरचा स्वयंपाक आणि शिव्या ही पाच खाती माझ्याकडे होती. पाचही मी मन लावून सांभाळत असे.

वाळवंटातल्या उन्हाळ्याचं वेळापत्रक ठरलेलं असतं. ०४३० ला उठणं. ०५३० ते ११०० फायरिंग. १२०० ते १६०० सगळे सावलीत; सोळाशे म्हणजे दुपारचे चार. १६३० ला पुन्हा काम. दर तासाला मी माणसांच्या बाटल्या हलवून बघायचो आणि लघवीचा रंग विचारायचो. नवीन पोरं लाजायची. कुणी पिवळी म्हणाला की उभ्या उभ्या एक लिटर पाणी पाजायचो. लाज गेली तरी चालेल, माणूस जाता कामा नये, असा माझा साधा हिशेब होता.

रविवारी संध्याकाळच्या रोल कॉलला मी पुढच्या आठवड्याचा वेदर आउटलुक, म्हणजे हवामानाचा अंदाज, वाचून दाखवायचो. रेजिमेंटकडून अर्धं पान टाइप होऊन यायचं. त्या रविवारच्या कागदावर दोन परिच्छेद होते. पहिला उष्णतेच्या लाटेचा, सोमवार ते शुक्रवार. दुसरा दोन ओळींचा: मंगळवारपासून दुपारनंतर काही ठिकाणी धुळीचं वादळ, विजांचा कडकडाट. पहिला परिच्छेद मी आवाज चढवून दोनदा वाचला. दुसरा एका दमात वाचून कागद खिशात घातला. ऊन आम्ही रोज भोगत होतो. वीज त्या मोसमात कुणी बघितली नव्हती.

रोल कॉल संपल्यावर लान्स नाईक रमजान मुलाणी माझ्याजवळ आला. हा इंदापूर तालुक्यातला, मी बारामती तालुक्यातला, सांगवीचा. सुट्टी संपली की आम्ही दौंडला एकच गाडी पकडायचो. तो घरच्या डाळिंबांची पिशवी घेऊन यायचा आणि पूर्ण प्रवासभर माझी खेचायचा. आमच्याकडून कालवा पुढे त्यांच्याकडे जातो, त्यामुळे इंदापूरकरांचं पाणी आम्हीच पितो, असा त्याचा कायमचा आरोप होता.

"दादा," तो म्हणाला, "त्या विजंचं परत वाचा की. पोरांनी ऐकलंच न्हाय."

"तू ऐकलंस ना?"

"मी ऐकलं."

"मग झालं. झोप जा."

पलटणीत माझ्याशी असं बोलायची मुभा त्याला एकट्यालाच होती, आणि तीही आजूबाजूला कुणी नसताना.

सोमवारी १४४५ ला एक गनर, तोफेवरचा जवान, गाडीच्या केबिनमध्ये बेशुद्ध सापडला. काचा वर करून झोपला होता. अंगाला हात लावला तर चटका बसत होता. त्याला ओल्या चादरीत गुंडाळून हॉस्पिटलला पाठवलं. वाचला. बॅटरी कमांडर मेजर साहेबांनी मला बोलावून फक्त दोन वाक्यं सांगितली. उद्यापासून गाडीत कुणी बसणार नाही. सोळाशेपर्यंत सगळे सावलीत.

हुकूम मी सगळ्यांना ऐकवला आणि त्याला माझ्या पदरचं एक वाक्य जोडलं: माझ्या परवानगीशिवाय कुणीही सावली सोडणार नाही. हे वाक्य साहेबांचं नव्हतं. ते माझं होतं, हे इथं स्पष्ट लिहून ठेवतो.

बुधवारी रमजान तीन गनर घेऊन दारूगोळ्याच्या साठ्यावर होता. साठा माझ्या तंबूपासून दोन किलोमीटरवर, वाळूच्या मोठ्या टेकडीच्या पलीकडे. तिथं सावलीला खेजडीचं एकच झाड. झाडापासून साधारण शंभर पावलांवर त्यांची गाडी उभी होती, पत्र्याच्या केबिनची, विजेत झाडापेक्षा सुरक्षित. रेडिओ सेट खेजडीच्या बुंध्याला टेकवून ठेवलेला होता.

१५२८ ला सेटवर त्याचा आवाज आला. सेटवर साठ्याचं नाव डंप, माझं कंट्रोल. सेटवर आम्ही हिंदीत बोलायचो, इथं मराठीत देतो.

"कंट्रोल, हा डंप. पश्चिमेकडून आभाळ भरून आलंय. गडगडाट होतोय. गाडीच्या केबिनमध्ये शिफ्ट व्हायची परवानगी हवी. ओव्हर."

मी तंबूबाहेर डोकं काढलं. माझ्यावर पांढरं ऊन होतं. ढगाचा एक तुकडा दिसत नव्हता. पश्चिमेला टेकडी आडवी होती, तिच्यामागचं आभाळ मला दिसणं शक्यच नव्हतं. रमजानला दिसत होतं. मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला.

"डंप, हा कंट्रोल. निगेटिव्ह. गाडीत कुणी बसणार नाही. सोळाशेपर्यंत सावलीतच. ओव्हर."

"रॉजर. आऊट."

१५३५ ला सेट पुन्हा वाजला. या वेळी कॉल साइन नाही, हिंदी नाही.

"दादा, लई वाजतंय हितं."

नेटवर, म्हणजे रेडिओच्या त्या एकाच लाइनवर, सगळी बॅटरी ऐकत होती. मेजर साहेबही ऐकत होते. आपल्या गावाकडचा पोरगा नेटवर आपल्याला दादा म्हणतो, याची मला लाज वाटली. खरं कारण हेच आहे. ऊन नाही, हुकूम नाही, लाज.

"डंप, नेटवर घरचं बोलणं नाही. आऊट."

उत्तरादाखल त्यानं सेटचं बटण दोनदा दाबलं. ऐकलं, असा त्याचा अर्थ. तेवढी खरखर आली आणि सेट शांत झाला.

१५३९ ला टेकडीपलीकडून आवाज आला. तोफखान्यात वीस वर्षं काढलेल्या माणसाला तोफेचा आवाज आणि दुसरा आवाज यातला फरक कळतो. मी सेटवर डंपला चार वेळा हाक मारली. मग जीप काढली.

तिघं गनर जिवंत होते. एकाच्या कानातून रक्त येत होतं, दुसऱ्याला पाय हलवता येत नव्हते. नंतर दोघंही बरे झाले. त्यांनीच मला सांगितलं. परवानगी नाकारल्यावर रमजाननं तिघांना बुंध्यापासून लांब, सावलीच्या अगदी कडेला बसवलं होतं, पाय जवळ घेऊन आणि डोकं खाली घालून. सावली सोडायची नाही हा हुकूमही पाळला आणि जमेल तेवढं झाडापासून लांबही ठेवलं. तो स्वतः मात्र बुंध्याजवळ सेटपाशी उभा राहिला. "बीएचएम साब पुन्हा काही सांगतील," असं म्हणत होता.

पाऊस पडलाच नाही. अर्ध्या तासात तिथंही ऊन पडलं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. उष्णतेबाबतचे आदेश लागू होते, आदेशांचं पालन झालं, मृत्यू नैसर्गिक आपत्तीनं झाला. दोष कुणाचाच नाही. मी सही केली आणि बाहेर येऊन माझ्या आयुष्यातली शेवटची सिगारेट ओढली.

पार्थिवासोबत मी गेलो. पुण्याहून गाडीनं इंदापूर, तिथून त्यांची वस्ती. डाळिंबाच्या बागेच्या कडेला घर. दफन लष्करी इतमामात झालं. सगळे पांगल्यावर रमजानचे वडील, चाँदआबा, माझ्याशेजारी येऊन बसले. पन्नाशीचा माणूस, हाताला मोटारीचं ग्रीस. त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"शेवटी काय बोलला व्हता का?"

"नाही आबा," मी म्हणालो. "बोलायला वेळच मिळाला नाही. एका क्षणात झालं."

शेवटचं वाक्य खरं होतं. त्याआधीचं खोटं होतं. मुलाचे शेवटचे शब्द बापाच्या हक्काचे असतात, आणि ते मी माझ्याकडे ठेवून घेतले. अकरा वर्षं ठेवले. दर ईदला फोन करायचो, तब्येत विचारायचो, डाळिंबाचं विचारायचो आणि आबा पुढं काही बोलायच्या आत ठेवून द्यायचो. रमजानची आई गेली, तेव्हाही जाऊन आलो. तेव्हाही बोललो नाही.

नायब सुभेदार होऊन मी निवृत्त झालो आणि सांगवीला आलो. गावात मला सुभेदार तात्या म्हणतात. दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर एक काळा फळा आहे, त्यावर दर रविवारी ०८३० ला मी पुढच्या आठवड्याचं हवामान लिहितो. हवामान खात्याचा अंदाज मोबाईलवर सगळ्यांनाच येतो, पण वाचत कुणी नाही. फळा मात्र दुधाचा कॅन मोजेपर्यंत वाचावाच लागतो. मी वेळ घालून लिहितो. 'दुपारून' हा शब्द मला चालत नाही. दुपारून म्हणजे कधी? तुम्हा नागरिकांची दुपार बारापासून दिवे लागेपर्यंत चालते. यावरून केंद्रावर माझी भरपूर थट्टा होते. "तात्या, चोवीसशेला चहा घेणार का?" असं विचारतात.

यंदाच्या मे महिन्यातल्या एका रविवारी मी फळ्यावर लिहायला घेतलं. सोमवार ते शनिवार कडक ऊन. १२०० ते १६०० शेतात काम नको, झाडाच्या सावलीत थांबा. त्याखाली दुसरा मजकूर: मंगळवारपासून १५०० नंतर विजांसह वादळी पाऊस, सोसाट्याचा वारा. झाडाखाली थांबू नका. लिहून झालं आणि खडू हातातच राहिला. १५०० ते १६०० या एका तासात मी लोकांना झाडाखाली थांबायलाही सांगत होतो आणि थांबू नका असंही सांगत होतो. तोच कागद अकरा वर्षांनी माझ्यापुढे आला होता. मी पहिल्या ओळीतले १६०० पुसून १५०० केले. मनाला म्हटलं, झालं काम.

मंगळवारी १५१० ला मी पणदऱ्याहून मोटारसायकलवर येत होतो. वारा सुटला, फुफाटा उडाला, माळेगावच्या बाजूनं आभाळ काळं झालं आणि वाजायला लागलं. रस्त्याकडेच्या चिंचेखाली भेंडी तोडणाऱ्या बायकांची टोळी बसली होती. अकरा जणी. विळे, डबे, पाण्याची कळशी. रस्त्यापलीकडं पन्नास पावलांवर पाण्याच्या योजनेची पक्की खोली, दार उघडं.

मी गाडी थांबवली. "झाडाखालून निघा. त्या खोलीत जा."

त्यांच्यातली थोरली, सखुबाई, मला ओळखते. ती शांतपणे म्हणाली, "दत्तू मुकादमाला फोन लावलाय तात्या. इचारलंय. त्यो म्हणला, थांबा, आलोच."

बाई भित्री नव्हती, अडाणीही नव्हती. तिला आभाळ दिसत होतं. फळाही तिनं वाचला होता. शेत सोडलं तर अर्धा रोज कापला जाईल, म्हणून तिनं रीतसर परवानगी मागितली होती आणि उत्तराची वाट बघत झाडाखाली बसली होती. मी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. माझं पाचवं खातं अजून चालू आहे एवढं कळेल. अकराही जणी उठून खोलीत गेल्या. चार थेंब पडले आणि वादळ इंदापूरकडं सरकलं.

त्या रात्री मी जेवलो नाही. फळ्यावर वेळ दुरुस्त करून मी समाधान मानलं होतं. पण चूक वेळेची नव्हतीच. रमजानला वेळ बरोबर कळली होती.

बुधवारी ०७०० ची इंदापूर एसटी पकडली. आबांना आधी फोन केला नाही, केला असता तर गेलो नसतो. वस्तीवर पोहोचलो तेव्हा ते बागेत ठिबकच्या नळ्या साफ करत होते. आता केस पूर्ण पांढरे. मला बघून नळी खाली ठेवली.

"ईद तर झाली की," ते म्हणाले. "आज कसं येणं केलं?"

मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं, रिपोर्ट देतात तसं. रविवारचा कागद, सोमवारचा गनर, माझं पदरचं वाक्य, १५२८, १५३५. मग म्हणालो, "आबा, तो शेवटचं बोलला होता. मी तुम्हाला खोटं सांगितलं. तो म्हणाला, दादा, लई वाजतंय हितं. आणि मी त्याला नेटवर घरचं बोलू नको म्हणालो."

आबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर मी हात वर केला नसता.

"दादा म्हणला व्हय," ते म्हणाले.

"हो."

"त्यो कुणाला कदी इचारायचाच न्हाय, सुबेदार. ल्हानपणी हिरीत उडी मारली, न इचारता. शाळा सोडली, न इचारता. भरतीला गेला त्ये तर मला चार दिसांनी कळलं. लई मार खाल्लाय त्यानं माझा त्यापायी." त्यांनी नळी उचलली, पुन्हा खाली ठेवली. "तुमच्या फौजंनं इचारायला शिकवलं त्याला. हितं असता तर पळाला असता."

मी रडलो. पलटणीत असताना कधी रडलो नव्हतो. आबा रडले नाहीत. त्यांनी मला पाणी दिलं, घरात नेऊन बसवलं आणि चहा ठेवला. चहा पिताना त्यांनी ते शब्द माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतले. तो जसा म्हणाला होता तसेच. एकदा नाही, तीनदा. निघताना दारापर्यंत आले.

"गावाला हवामान सांगता म्हणं तुमी."

"सांगतो."

"मग आता नीट सांगा."

गुरुवारी ०६०० ला मी केंद्रावर जाऊन दुसऱ्या मजकुराच्या खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: पहिला गडगडाट ऐकला की झाड सोडा. कुणालाही विचारू नका. मुकादमाला नाही, मालकाला नाही, मलाही नाही. त्याच्याखाली नेहमी मी माझा हुद्दा लिहितो. त्या दिवशी लिहिलं, आदेशावरून, लान्स नाईक रमजान चाँद मुलाणी.

केंद्रावर दूध घालायला आलेल्यांनी विचारलं, हे कोण साहेब? मी कॅन बाजूला ठेवायला लावून सगळ्यांना सगळं सांगितलं. सखुबाई मागे उभी राहून ऐकत होती. चोवीसशेच्या चहाची थट्टा त्या दिवशी कुणी केली नाही.

शुक्रवारी १५२० ला आभाळ पुन्हा वाजलं. १७०० ला दत्तू मुकादम तणतणत माझ्या दारात आला.

"तात्या, तुमी फळ्यावर काय बी लिवता. आज पैल्या आवाजालाच बाया उठल्या आन् चालू पडल्या. मला इचारलं न्हाय, काय न्हाय. निम्मी भेंडी तशीच झाडावर. मालक मला बोलतोय."

"किती जणी गेल्या?"

"सगळ्या. अकराच्या अकरा."

"घरी पोचल्या?"

"पोचल्या की. त्यास्नी काय झालंय?"

वीज कुठंच पडली नव्हती. चिंच जागेवर होती. मी दत्तूला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. अर्धा रोज कापलास तर गाठ माझ्याशी आहे, हेही सांगितलं. तो गेल्यावर इंदापूरला फोन लावला. अकरा वर्षांत ईद नसताना केलेला तो पहिलाच फोन. काय घडलं ते आबांना वेळेसकट सांगितलं. १५२० ला गडगडाट झाला आणि अकरा बायका कुणाला न विचारता झाड सोडून निघाल्या.

या वेळी आबा बोलायच्या आत मी फोन ठेवला नाही.

"मंग," ते म्हणाले, "रमजानवर गेल्या म्हणा की."